धीराची रपेट

जिथे बसला आहात तिथे जरा सैल बसा. तळपाय जमिनीला टेकू द्या. मूठ वळली असेल तर उघडा. एक श्वास घ्या, आणि सोडताना त्याला घाई करू नका.

आता मनाने लोणंदला या. नुकतं उजाडलं आहे. नीरेकडून येणाऱ्या वाऱ्यात गारवा आहे आणि कांद्याचा उग्र वास. दूर स्टेशनात मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळल्याचा आवाज येतो. फलटणकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून एक मातीची वाट आहे, आणि त्या वाटेवर तुमच्या शेजारी एक घोडा उभा आहे. चार वर्षांचा. अंगाने भरलेला, मनाने अजून शिंगरूच. अंगणात त्याला सगळं येतं. म्होरकी घालून घेतो, खरारा करून घेतो, पाठीवर खोगीर चढवलं तरी हलत नाही. कुंपणाच्या बाहेर पाऊल पडलं की मात्र त्याचे कान टवकारतात, मान ताठ होते आणि हललेलं पानही त्याला बुजायला पुरतं.

आज त्याला रपेटीला न्यायचं आहे. अजून वर बसू नका.

त्याच्या खांद्याशी उभे राहा. आयाळ जिथे संपते आणि पाठ सुरू होते, तिथे बोटांनी हळूहळू खाजवा. घोडे एकमेकांना तिथेच दातांनी खाजवतात, आणि तिथे खाजवलं की त्यांच्या हृदयाचे ठोके मंदावतात. निवांत उभ्या असलेल्या मोठ्या घोड्याचं हृदय मिनिटाला साधारण २८ ते ४४ ठोके देतं. आपलं ६० ते १००. या आकड्यांपाशी थोडं थांबा. तुमच्या हाताखालचा हा जीव मुळातच तुमच्यापेक्षा संथ आहे. शांतता तुम्ही त्याला बाहेरून आणून देणार नाही. त्याच्यापाशी आहे ती विस्कटू नये, एवढंच तुमच्याकडून हवं आहे.

आता त्याच्या डोळ्यांकडे पाहा. ते डोक्याच्या दोन बाजूंना आहेत. त्याला जवळजवळ सगळा भोवताल एकाच वेळी दिसतो. कपाळाच्या अगदी समोरची थोडी जागा आणि शेपटीमागची एक पट्टी तेवढी सुटते. मागून येणारी मोटारसायकल तुमच्या आधी त्याच्या कानाला कळते, आणि दिसत नसल्यामुळेच ती त्याला मोठी वाटते. त्याच्या पूर्वजांनी माळरानावर हजारो पिढ्या काढल्या त्या एकाच नियमावर: गवत हललं की आधी पळायचं, काय होतं ते नंतर बघायचं. खात्री करायला थांबलेले शिकार झाले. पळालेल्यांचा वंश आज तुमच्यासमोर उभा आहे. त्याच्या बुजण्यात खोड शोधू नका. ते त्याला वारशात मिळालेलं शहाणपण आहे.

तुमच्यातही असं एखादं जुनं बुजणं असेल. फोन वाजला की पोटात उठणारा गोळा, चार माणसांत बोलताना कोरडा पडणारा घसा. कधी काळी त्यानं तुम्हाला सांभाळलंही असेल. आत्ता त्याला हाकलू नका. ते असू द्या, आणि पुन्हा घोड्यापाशी या.

रिकिबीत पाय ठेवा. सावकाश वर बसा. पाठीवर आदळू नका, टेका. लगाम हातात असू द्या, पण त्याला लोंबकळू नका. चला.

वीस पावलं बरी जातात. मग पुढे बाभळीच्या काट्यांत अडकलेली खताची पांढरी गोणी वाऱ्यानं फडफडते. घोडा जागच्या जागी थिजतो. त्याचं अख्खं अंग खोगिराखाली दगडासारखं झालेलं तुम्हाला मांड्यांना कळतं. नाकपुड्या फुलतात, घशातून एक जोराची फुरफूर निघते.

इथे थांबा. या क्षणासाठीच आपण इतक्या लांब आलो.

पाहा, तुमच्यात काय झालं. लगामावरची बोटं आवळली. गुडघे खोगिराला चिकटले. श्वास अडला. गोणी त्याने पाहिली, आणि तुम्ही त्याला बुजताना पाहिलं. आता पाठीवरून त्याच्याकडे निरोप चालला आहे, की वरच्याही जिवाला भीती वाटते आहे, म्हणजे गोणी खरंच भयंकर असणार.

२००९ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी केलेला एक साधा प्रयोग प्रसिद्ध झाला. माणसांनी घोड्यांना एका जागेपासून दुसऱ्या जागेपर्यंत चार वेळा न्यायचं होतं, काहींनी हातात धरून, काहींनी वर बसून. चौथ्या फेरीच्या आधी त्यांना सांगितलं, की या वेळी घोडा जवळून जाताना छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. पण माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले, आणि त्यांच्याबरोबर घोड्यांचेही. घोड्यांना छत्रीचं कुणी काही सांगितलं नव्हतं. त्यांच्यापर्यंत पोहोचली ती सोबतच्या माणसाच्या मनातली छत्री.

म्हणून गोणीकडे बघणं सोडा. नजर त्याच्या दोन कानांच्या मधून दूर न्या, त्या लिंबाच्या झाडापर्यंत. अडलेला श्वास सोडा, त्याला ऐकू जाईल असा. खांदे खाली येऊ द्या. एक बोट, मग दुसरं, लगाम थोडा मोकळा करा. लगाम खेचला तर त्याचं तोंड दुखेल, आणि ते दुखणं त्याच्या मनात गोणीशी जोडलं जाईल. टाच मारली, तरी तेच होईल. त्याला मागे वळून सुसाट पळू दिलं, तर पळालो म्हणून वाचलो असं तो शिकेल.

मग करायचं काय? त्याला बघू द्यायचं. आपण आहोत तिथून गोणी जवळ वाटत असेल तर चार पावलं बाजूला घ्या, जिथे त्याला धाकधूक आहे पण तुमचं ऐकूही येतं. ती जागा कशी ओळखायची? एक कान गोणीकडे असेल आणि दुसरा तुमच्याकडे वळेल. तिथे उभे राहा. त्याला मान खाली घेऊन नीट न्याहाळू द्या. काही करू नका. वेळ मोजू नका.

थोड्या वेळानं मान सैल पडते. तो ओठ चाटतो, रवंथ केल्यासारखं तोंड हलवतो, नाकातून एक लांब उसासा टाकतो. त्याच क्षणी त्याला थोपटा आणि बाजूला वळवा. पुन्हा या, या वेळी दोन पावलं अधिक. पुन्हा थांबा.

या थांबण्यात आपल्या भाषेतला एक शब्द मनात धरा: धीर. मराठीत धीर म्हणजे हिंमत, आणि धीर म्हणजे वाट पाहणंही. धीर देतो आपण दुसऱ्याला, धरतो स्वतः. एकाच शब्दात या दोन गोष्टी ज्यांनी ठेवल्या, त्यांनी बुजलेली जनावरं आणि बुजलेली माणसं जवळून पाहिली असणार. कारण धरलेला धीरच पुढे देता येतो. तुम्ही जितका वेळ गोणीपाशी बिनतक्रार उभे राहता, तितकी हिंमत त्याच्या पायांत उतरते. दुसरीकडून ती आणता येत नाही. आणि याच्या शेजारी आणखी एक शब्द ठेवून पाहा: दम. दम धरला तर जनावर सावरतं, दम दिला तर बिथरतं. आपल्या हातून आजवर कोणता दम जास्त गेला, घोड्यांना, मुलांना, स्वतःला? उत्तर देऊ नका. प्रश्नाबरोबर दोन श्वास बसा.

आता वाटेवर मागून घंटांचा आवाज येतो. मेंढरांचा कळप घेऊन धनगराचं बिऱ्हाड चाललं आहे. सगळ्यांत पुढे एक म्हातारी घोडी. तिच्या पाठीवर भांडी, वाकळ, कोंबड्यांचा खुराडा, आणि वर बांधलेलं कोकरू. भीमा-नीरेच्या खोऱ्यात वाढलेली ही भीमथडी घोडी. मराठ्यांच्या फौजांनी याच जातीच्या तट्टांवर मजल-दरमजल केली, आणि आज ती बहुतेक धनगरांच्याच बिऱ्हाडांत टिकून आहे. तिच्या मागे तिचं शिंगरू मोकळंच चालतंय. त्याला कुणी शिकवत नाही. शेजारून ट्रक जातो, ते आईकडे बघतं. आई चालत राहते. ते चालत राहतं.

तुमचा घोडाही त्या घोडीकडे बघतो आहे. तिच्या मागे चार हात अंतरावर त्याला सोडा. ती गोणीजवळून मानही न वळवता जाते. तो डोळे मोठे करून, अंग जरा चोरून, पण जातो. गेला. त्याला थोपटा. आजच्यापुरतं एवढंच. चांगलं झालं की तिथेच थांबावं. आणखी एकदा करून पाहू, या मोहात पुष्कळ सकाळी वाया जातात. परत फिरा, आणि घराकडची वाट चालतच जा. घराकडे तो पळत सुटला, तर घराबाहेरचं जग त्याला पुन्हा धोक्याचं वाटेल.

घोडा चालतो आहे. तुम्ही नुसते बसा. याच रस्त्याचं दुसरं रूप डोळ्यांसमोर आणा.

आषाढी एकादशीच्या आधीचे दिवस. माऊलींच्या पादुकांना नीरेत स्नान झालं आहे, पालखी लोणंदचा मुक्काम आटोपून तरडगावकडे निघाली आहे. चांदोबाच्या लिंबापाशी वाटेवर दोन्ही बाजूंनी वारकरी उभे आहेत. वारीतलं पहिलं उभं रिंगण. टाळ, मृदंग, पताका, हजारो कंठांतून एकच नाम. आणि त्या चिंचोळ्या वाटेनं दोन घोडे दौडत येतात. एकावर पताका घेतलेला स्वार. दुसऱ्याच्या पाठीवर कुणी नाही; तो माऊलींचा अश्व, त्यावर माऊली बसली आहे हा साऱ्यांचा भाव. इतक्या गजरात, इतक्या हातांच्या मधून तो धावतो, आणि तो गेल्यावर लोक त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात.

आपल्याला ती दौड दिसते. तिच्या आधीची वाट आठवा. हे अश्व बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून, शितोळे सरकारांच्या वाड्यातून निघतात आणि आळंदीपर्यंत चालत येतात. मग आळंदीहून पालखीपुढे चालत इथवर. गाव येतं, गाव जातं. बँड वाजतो, मुलं ओरडतात, पाऊस ताडपत्र्यांवर कोसळतो. दर पावलाला कुणीतरी जवळ चालत असतं, ओळखीच्या हाताचं, ओळखीच्या आवाजाचं. रिंगणातले ते थोडे क्षण एवढ्या चालण्याच्या जोरावर उभे असतात. हिंमत अशीच साठते, पावलापावलानं, सोबतीनं.

आता तुमच्या त्या जुन्या बुजण्याकडे परत या, ज्याला मघाशी असू दिलं होतं. त्याच्या खांद्याशी उभे राहा. शेतातल्या बुजगावण्यालाही बुजण्यावरूनच नाव पडलं आहे. काठी, सदरा आणि वारा, एवढंच ते असतं. तरी बुजलेल्याला तसं सांगून भागत नाही. त्याला जवळ जाऊन हुंगावं लागतं. तेव्हा त्याला ओढू नका, ढकलू नका, त्याची लाज काढू नका. जिथून त्याला दिसतं आणि तुमचंही ऐकू येतं, तिथे त्याच्याबरोबर उभे राहा. लांब श्वास सोडा. तुमच्या आयुष्यातली ती म्हातारी घोडी कोण, जी मान न वळवता पुढे गेली आणि जिच्या मागे तुम्ही चालू शकलात, तिचा चेहरा आठवा.

परतीच्या वाटेवर तीच बाभूळ, तीच गोणी, आता दुसऱ्या हाताला. घोडा पुन्हा थबकतो. दुसऱ्या बाजूनं दिसली की ओळखीची वस्तूही त्याला नवी असते. तुम्हाला वाटलं होतं, हे झालं.

श्वास सोडा. लगाम मोकळा करा. नजर कानांच्या मधून दूर न्या.

त्याचा एक कान हळूच तुमच्याकडे वळतो आहे.