पुढच्या रांगेचा भार

मे २००८ मध्ये जोहान्सबर्गच्या अलेक्झांड्रा वस्तीत बाहेरून आलेल्या माणसांवर हल्ले सुरू झाले आणि बघता बघता ते इतर शहरांत पसरले. झिम्बाब्वे, मोझांबिक, मलावी अशा देशांतून पोटासाठी आलेल्यांना घराबाहेर ओढून मारलं गेलं. साठहून अधिक जीव गेले. हजारो कुटुंबं पोलीस ठाण्यांच्या आवारात आणि तंबूंत राहिली. मेलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश माणसं तर दक्षिण आफ्रिकेचीच होती. जमावाला ती परकी वाटली, आणि तेवढं पुरलं.

यानंतर महिनाभरात, १४ जूनला, प्रिटोरियाच्या मैदानावर दक्षिण आफ्रिकेचा रग्बी संघ वेल्सविरुद्ध उतरला. त्या संघात बावीस वर्षांचा एक नवा खेळाडू होता. तेंडाई म्तावारिरा हे त्याचं नाव, आणि जन्म हरारेचा. म्हणजे ज्या देशातून आलेल्यांना चार आठवड्यांपूर्वी रस्त्यात गाठून मारलं होतं, त्याच झिम्बाब्वेचा तो मुलगा. त्याच्या अंगावर दक्षिण आफ्रिकेची हिरवी जर्सी होती आणि हजारो माणसं त्याच्यासाठी ओरडत होती.

या दोन घटना मी शेजारी ठेवून बरेच दिवस पाहतो आहे. एकाच देशाने, एकाच ऋतूत, एकाच सीमेपलीकडून आलेल्या माणसांशी असं वागावं, याचा उलगडा करायचा तर हा खेळाडू मैदानात नेमकं काय करत होता ते आधी समजून घ्यावं लागतं.

आपल्या इंझोरी गावच्या पोरांना रग्बी ठाऊक नसली तरी कबड्डी ठाऊक आहे. चढाई करून चार गडी मारून येणाऱ्याचं नाव गावभर होतं. कोपऱ्यात वाकून उभ्या असलेल्या आणि चढाईवाल्याचा घोटा धरून ठेवणाऱ्या गड्याचं नाव फार तर त्याच्या घरचे घेतात. रग्बीत हे अंतर आणखी मोठं आहे. संघात पंधरा खेळाडू असतात, त्यांतले आठ ‘फॉरवर्ड’. खेळ थांबून पुन्हा सुरू करायचा असला की दोन्ही संघांचे आठ-आठ जण एकमेकांना घट्ट धरून, माना खाली घालून समोरासमोर भिडतात. याला स्क्रम म्हणतात. एका बाजूच्या आठ जणांचं वजन नऊशे किलोंच्या आसपास भरतं. मागच्या पाच जणांचा रेटा पुढच्या तिघांच्या पाठीतून, मानेतून आणि खांद्यांतून जातो आणि समोरून तेवढाच रेटा येतो. त्या तिघांत डावीकडचा प्रॉप, एक नंबरची जर्सी घालणारा, म्हणजे म्तावारिरा. त्याने धावत जाऊन गुण आणावेत अशी कुणाची अपेक्षा नसते. त्याने कोसळू नये एवढीच अपेक्षा असते.

तो मुळात प्रॉप नव्हताच. झिम्बाब्वेत आणि नंतर दरबानच्या शार्क्स संघाकडे आला तेव्हाही तो मागच्या फळीतला, चेंडू घेऊन धडका मारणारा फॉरवर्ड होता. तिथल्या प्रशिक्षकांनी त्याला पुढच्या रांगेत आणलं. त्याने ते मान्य केलं आणि नवं काम मानेपासून शिकून घेतलं. चेंडू हाती घेऊन धावणं सोडून ओझं पत्करणं, हा निर्णय मला त्याच्या सगळ्या कारकिर्दीपेक्षा मोठा वाटतो. कारण तिथून पुढे जे काही घडलं ते सगळं त्या एका होकारावर उभं आहे.

२० जून २००९ ला दरबानमध्ये ब्रिटिश-आयरिश लायन्सविरुद्ध पहिली कसोटी झाली. समोर इंग्लंडचा फिल व्हिकरी होता, २००३ च्या विश्वविजेत्या संघाचा प्रॉप. म्तावारिराने त्याला स्क्रममागून स्क्रम उचलून काढलं आणि पंच पेनल्टी देत गेले. सामना दक्षिण आफ्रिकेने २६-२१ असा जिंकला आणि सामनावीराचा मान एका प्रॉपला मिळाला, जे क्वचित घडतं. तो मैदानात आला की प्रेक्षक त्याचं टोपणनाव लांबवून ओरडत. लहानपणापासून त्याला ‘बीस्ट’ म्हणत, म्हणजे श्वापद. परदेशी समालोचकांना आणि पाहुण्या प्रेक्षकांना वाटायचं, हे लोक या काळ्या खेळाडूची हुर्यो उडवताहेत. प्रत्यक्षात ते प्रेम होतं. आणि व्हिकरीचंही सांगायला हवं. ज्याची इतकी नाचक्की झाली तो माणूस दोन आठवड्यांनी तिसऱ्या कसोटीत पुन्हा त्याच जागी, त्याच म्तावारिरासमोर उभा राहिला, हलला नाही, आणि लायन्सने तो सामना २८-९ ने जिंकला. पराभवानंतर तोच भार पुन्हा खांद्यावर घ्यायला परतणारी माणसं मला विजेत्यांहून जवळची वाटतात.

मग २०१० मध्ये वाद निघाला. रग्बीच्या आंतरराष्ट्रीय नियमानुसार तीन वर्षं देशात राहिलेला खेळाडू त्या देशाकडून खेळू शकत होता. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारचं धोरण मात्र राष्ट्रीय संघात नागरिकच हवा, असं होतं. म्तावारिराकडे झिम्बाब्वेचा पासपोर्ट होता. दोन वर्षं त्याने देशाच्या नावाने मान झिजवली तोवर कुणाला कागद आठवला नव्हता. त्याच वर्षी त्याला नागरिकत्व मिळालं आणि वाद मिटला. पण तो विश्वविख्यात खेळाडू होता म्हणून मिटला. २००८ च्या मे महिन्यात अलेक्झांड्रातून पळालेल्या त्याच्या देशबांधवांच्या मागे कुणी मंडळ नव्हतं, वकील नव्हता, स्टेडियम नव्हतं.

हे आफ्रिकेचं झालं म्हणून आपण हात झटकू शकत नाही. सोयाबीन सोंगणीला आलं की आपल्या भागात मेळघाटातून, मध्य प्रदेशातून टोळ्या येतात. एकरी ठेका ठरतो. बायका, पोरं, भांडी, पांघरुणं घेऊन माणसं शेताच्या धुऱ्यावर उतरतात. पाऊस डोक्यावर असतो, शेंगा फुटायला लागलेल्या असतात, आणि त्या आठ-दहा दिवसांत आपलं वर्षाचं पीक त्यांच्या कंबरेवर असतं. त्यांच्यातल्या एकाचंही पूर्ण नाव आपल्याला माहीत नसतं. ‘मेळघाटची टोळी’ एवढीच त्यांची ओळख. गावात कुठे चोरी झाली की मात्र पहिली आठवण त्यांची होते, आणि तेव्हाच आधार कार्ड मागितलं जातं. दुसरीकडे आपल्याच मानोरा तालुक्यातल्या तांड्यांवरची आणि गावांतली माणसं कामासाठी पुण्या-मुंबईकडे जातात. तिथे त्यांना ‘कुठले रे तुम्ही?’ असं विचारलं की आपला जीव तुटतो. तोच प्रश्न आपण आपल्या धुऱ्यावर कोणत्या सुरात विचारतो, हे प्रत्येकाने स्वतःशी आठवून पाहावं.

आता गुणांचा हिशेब. २ नोव्हेंबर २०१९, योकोहामा, विश्वचषकाची अंतिम फेरी. दक्षिण आफ्रिकेने इंग्लंडला ३२-१२ असं हरवलं. धावफलक सांगतो की हांड्रे पोलार्डने २२ गुण केले, त्यांत सहा पेनल्टी. माकाझोले मापिम्पी आणि चेस्लिन कोल्बे यांनी एकेक ट्राय केला. संघाचा कर्णधार सिया कोलिसी, झ्वाइडेच्या गरीब वस्तीतून आलेला, त्या देशाच्या रग्बी कसोटी संघाचा पहिला काळा कर्णधार, त्याने चषक उंचावला आणि तो फोटो जगभर गेला. पण पोलार्डला चेंडू गोलखांबांसमोर ठेवायला का मिळाला? त्यातल्या अनेक पेनल्टी स्क्रममधून आल्या होत्या. म्तावारिरा आणि त्याच्या जोडीदारांनी इंग्लंडची पुढची रांग मोडून काढली होती. गुणपत्रकात त्याच्या नावापुढे शून्य. समोरच्या डॅन कोलचंही तसंच. इंग्लंडचा मुख्य प्रॉप पहिल्या काही मिनिटांतच डोक्याला मार लागून बाहेर गेला आणि जवळजवळ सबंध सामना कोलला एकट्याने ओढावा लागला. हरल्याचा ठपका त्याच्या माथी आला, आधी कोण पडलं होतं ते लोक विसरले. या सामन्यानंतर ११७ कसोटी खेळून म्तावारिरा निवृत्त झाला. त्याच्या देशासाठी त्याच्याहून जास्त कसोटी तोवर फक्त दोघे खेळले होते. अकरा वर्षांच्या त्या कारकिर्दीत मध्ये हृदयाच्या ठोक्यांचाही त्रास झाला. उपचार घेऊन तो पुन्हा त्याच रांगेत उभा राहिला.

पुढच्या रांगेतल्या सगळ्यांच्या नशिबी अशी निवृत्ती नसते. २००३ साली व्हिकरीच्या खांद्याला खांदा लावून इंग्लंडकडून खेळलेला स्टीव्ह थॉम्पसन याने २०२० मध्ये जाहीर केलं की त्याला कमी वयात स्मृतिभ्रंश जडला आहे. आपण ज्या सामन्यात विश्वचषक जिंकला, तो सामनाच त्याला आठवत नाही. तेव्हा तो बेचाळीस वर्षांचा होता. डोक्याला वर्षानुवर्षे बसलेल्या धक्क्यांची भरपाई मागत शेकडो माजी खेळाडू न्यायालयात गेले आहेत आणि त्यांत व्हिकरीचंही नाव आहे. ज्या विजयाचे फोटो देशाने भिंतीवर लावले, तो विजय मिळवणाऱ्याच्या डोक्यातून पुसला गेला. ही बातमी वाचल्यापासून मला कोणत्याही खेळातला जल्लोष पूर्वीसारखा निर्धास्तपणे पाहता येत नाही.

पण ओझं हे काही दैवाने ठरवलेलं नसतं, ते मोजता येतं आणि मोजलं की कमीही करता येतं. स्क्रममध्ये दोन फळ्या लांबून एकमेकांवर आदळत तेव्हा मणक्यावर किती जोर येतो, हे संशोधकांनी मोजलं. २०१३ मध्ये नियम बदलला. भिडण्याआधी प्रॉपने समोरच्याला धरलंच पाहिजे, असं ठरलं, आणि आदळण्याचा जोर सुमारे २५ टक्क्यांनी उतरला. खेळ बंद पडला नाही, त्यातली ताकद संपली नाही, कुणी नाराज होऊन घरीही गेलं नाही. फक्त पुढच्या रांगेकडे कुणीतरी नीट पाहिलं.

महाराष्ट्राने अशी दृष्टी एकेकाळी दाखवली आहे. १९६९ साली माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा झाला. पाठीवर ओझं वाहणाऱ्या असंघटित माणसाची नोंद व्हावी, मजुरी मंडळामार्फत मिळावी, भविष्यनिर्वाह निधी आणि उपचार मिळावेत, ही कल्पना देशात पहिल्यांदा या राज्याने कायद्यात उतरवली. त्यामागे अण्णासाहेब पाटलांचा लढा होता. पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली. शंभर किलोचं पोतं पन्नास किलोवर आणा, ही मागणी हमालांच्या चळवळीने वर्षानुवर्षे लावून धरली. आज कारंजाच्या बाजारात आपलं सोयाबीन उतरवणारा हमाल पन्नास किलोचा कट्टा उचलतो, त्यामागे ती माणसं आहेत.

शेतातला मजूर मात्र त्या कायद्याच्या कक्षेबाहेरच राहिला. आपल्याकडे हंगामात हडंबा, म्हणजे मळणी यंत्र, चोवीस तास चालतो. दिवसभर सोंगणी केलेला माणूस रात्री त्याच्या तोंडाशी उभा राहून पेंढ्या लोटतो. डोळ्यांवर झोप असते, बाही सैल असते. हात गेल्याच्या बातम्या दरवर्षी वाचायला मिळतात. शेतकऱ्याचा असा अपघात झाला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. मृत्यू आला किंवा दोन अवयव गेले तर दोन लाख, एक गेला तर एक लाख. पण ती मिळते सातबाऱ्यावर नाव असलेल्या खातेदाराला आणि त्याच्या कुटुंबातल्या एकाला. त्याच हडंब्यावर, त्याच रात्री, त्याच शेतात उभ्या असलेल्या भूमिहीन मजुराचा हात गेला तर या योजनेत त्याला जागा नाही. हात तोच, यंत्र तेच, फरक फक्त कागदाचा. हे बदलावं अशी मागणी शेतकऱ्यांच्या संघटनांनीच केली पाहिजे. मजुरांच्या वतीने बोलायला मुंबईत कुणी बसलेलं नाही.

तोवर आपल्या हातात काय आहे? प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा वर्षाचा हप्ता २० रुपये आहे. अठरा ते सत्तर वयाच्या, बँकेत खातं असलेल्या माणसाला त्यात अपघाती मृत्यूसाठी आणि पूर्ण अपंगत्वासाठी दोन लाखांचं संरक्षण मिळतं, अंशतः अपंगत्वासाठी एक लाखाचं. यंदा ठेका ठरवताना इंझोरीतल्या शेतकऱ्यांनी टोळीच्या मुकादमाला आणखी दोन गोष्टी विचाराव्यात. प्रत्येकाचं पूर्ण नाव काय, आणि हा विमा कुणाकुणाचा उतरलेला आहे. ज्यांचा नसेल त्यांचे वीस-वीस रुपये आपण भरावेत आणि खातंच नसेल तर बँकेपर्यंत सोबत जावं. नावं वहीत लिहावीत. आणि हडंबा रात्री किती वाजता बंद होईल, हेही त्याच बैठकीत, त्यांच्यासमोर ठरवावं.