तारेला लावलेलं कार्ड

एक जुनं पोस्टकार्ड हातात घ्या.

घरात असेल तर काढून आणा. नसेल तर मनात धरा. मनातलंही चालेल.

अकोल्याहून अमरावतीला गेलेलं कार्ड आहे. शंभराहून जास्त वर्षांपूर्वीचं.

वाचायची घाई नको. आधी नुसतं धरा.

श्वास येतो. श्वास जातो. कार्ड हातात आहे.

अंगठा कडेवरून सावकाश फिरवा. कडा मऊ पडल्या आहेत, धुऊन धुऊन विरलेल्या लुगड्याच्या काठासारख्या. कोपरे झिजले आहेत. एका ठिकाणी शाई पसरली आहे. कुणाचा तरी ओला हात तिथं लागला असावा.

कार्ड नाकाजवळ न्या. धुळीचा वास येतो. लाकडी पेटीचा येतो. किती पावसाळे त्यात मुरले आहेत.

थांबा. त्या वासात थोडं राहा.

आता कार्डाच्या मधोमध बघा.

एक भोक आहे. लहानसं. त्याच्या कडेनं गंजाची तांबूस रेघ उमटली आहे.

वऱ्हाडातल्या घरात, आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत, भिंतीच्या खुंटीला एक जाड तार टांगलेली असे. वरचं टोक आकड्यासारखं वळवलेलं. खाली लाकडाची चकती. आलेलं पत्र वाचून झालं की ते त्या तारेत ओवायचं. एकावर एक. वर्षामागून वर्षं.

तो आवाज ऐका. तार कागदातून पार होते, तेवढाच आवाज.

पुन्हा शांतता.

जुनी कार्डं जमवणाऱ्यांच्या बाजारात भोक पडलेल्या कार्डाला भाव कमी मिळतो. मला ते भोकच सर्वांत मोलाचं वाटतं. कार्ड पोचलं. कार्ड वाचलं गेलं. कुणीतरी ते जपून ठेवलं. तिन्ही गोष्टींची खूण त्या एका भोकात आहे.

त्या भोकाकडे बघत राहा. बाकी काही करायचं नाही.

श्वास येतो. श्वास जातो.

आता नजर वरच्या कोपऱ्याकडे जाऊ द्या.

तिथं राजाचं डोकं छापलेलं आहे. त्याच्याजवळ किंमत आहे, पाव आणा. म्हणजे जुना एक पैसा. हिंदुस्थानात पोस्टकार्ड आलं ते १ जुलै १८७९ रोजी, याच किमतीला. जगातलं पहिलं कार्ड त्याच्या दहा वर्षं आधी, १ ऑक्टोबर १८६९ रोजी, ऑस्ट्रिया-हंगेरीत निघालं होतं. तिथून इथवर ही छोटी चौकट आली, आणि एका पैशात वऱ्हाडातलं सुखदुःख वाहू लागली.

एक पैसा. तो मनातल्या मनात तळहातावर ठेवून बघा.

त्या डोक्याजवळ एक गोल शिक्का आहे. अर्धा उमटलेला, अर्धा पुसट. इंग्रजी अक्षरांत अकोला. दुसरीकडे आणखी एक गोल, अमरावती. एक शिक्का निघाल्याचा, एक पोचल्याचा.

या दोन शिक्क्यांच्या मध्ये आगगाडीची वाट आहे. ती वाट आपण श्वासानं चालू.

श्वास घ्या. अकोला. मोर्णेच्या काठचं गाव मागं पडतं.

श्वास सोडा. बोरगाव.

श्वास घ्या. काटेपूर्णा.

श्वास सोडा. मूर्तिजापूर. इथून छोटी गाडी दर्यापूर, अंजनगावकडून अचलपूरला जाते. तिला पुढं लोक शकुंतला म्हणू लागतात. आपलं कार्ड तिकडं जात नाही. ते थैलीत शांत पडून आहे.

श्वास घ्या. माना. कुरुम. दोन्ही बाजूंना काळी जमीन.

श्वास सोडा. बडनेरा. इथं मोठी गाडी सुटते आणि अमरावतीचा फाटा लागतो.

अमरावती. शिक्का पडतो.

थांबा. कार्ड पोचलं आहे.

आता पत्ता बघा. नाव आपण वाचणार नाही. त्यावर बोट ठेवू. ते नाव त्या घराचं आहे.

बोटाखालच्या ओळी तेवढ्या बघू. मु. पो. मग गाव. मग तालुका. मग जिल्हा. सगळ्यांत शेवटी, थोड्या मोठ्या अक्षरांत, वऱ्हाड.

पिन कोड नाही. तो १५ ऑगस्ट १९७२ रोजी येणार आहे. गल्लीचंही नाव नाही. तरी कार्ड पोचतं. टपालवाल्याला ढेलजेतला माणूस माहीत आहे.

तारेवरची पुढची कार्डं बघा. पत्त्याची शेवटची ओळ बदलत जाते. कधी मध्यप्रांत-वऱ्हाड. मग काही वर्षं मध्यप्रदेश. १९५६ नंतर मुंबई राज्य. १९६० पासून महाराष्ट्र. गाव जागच्या जागी आहे. विहीर, वड, घर, सगळं जागच्या जागी आहे.

ते जागच्या जागी असणं जरा अनुभवा. पाय जमिनीला टेकलेले आहेत. कार्ड हातात आहे.

आता उलटा ते.

सगळा मजकूर एकदम वाचू नका. आधी नुसती अक्षरं बघा. टाक दौतीत बुडतो तिथं शाई दाट. मग ती हळूहळू फिकी होते. मग पुन्हा दाट. लिहिणारा किती शब्दांनी दौतीकडे वळत होता, ते दिसतं.

त्या लयीत तुमचा श्वास मिसळू द्या. दाट. फिकी. दाट. फिकी.

काही ओळी मोडीत आहेत. वाचता आल्या नाहीत तरी बघा. हात न उचलता लिहिलेली अक्षरं आहेत ती. एका रेषेखाली वळसे घेत चाललेली.

वर, मधोमध, श्री.

खाली साष्टांग नमस्कार. विनंती विशेष. इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळावे.

हे वाक्य जवळजवळ प्रत्येक कार्डावर असतं. म्हणून डोळा ते ओलांडून पुढं जातो. आज ओलांडू नका. त्याच्यापाशी बसा.

इकडे सर्व ठीक आहे. तिकडचं कळव.

पुन्हा म्हणा, मनातल्या मनात. इकडे ठीक आहे. तिकडचं कळव.

त्यानंतर पाणीपावसाची बातमी. पेरणी झाली. पऱ्हाटी बरी आहे, तुरीवर भरवसा नाही. बैल आजारी होता, आता उभा राहतो. मुलीकडे बोलणं चाललं आहे. मग जागा संपते. अक्षरं बारीक होतात, कडेनं वर चढतात, कार्ड फिरवून वाचावं लागतं. अगदी टोकाला, थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद.

बोलायचं राहिलेलं केवढं त्या कडेला दाटलं आहे. बघा.

आणि आता ऐका.

सांगणाऱ्याला लिहिता येत नसेल, तर दुसऱ्यानं लिहिलं आहे. घेणाऱ्याला वाचता येत नसेल, तर शाळेच्या मास्तरानं किंवा टपालवाल्यानं ढेलजेत उभं राहून वाचून दाखवलं आहे. म्हणजे या एका कार्डात तीन माणसांचा आवाज आहे. सांगणारा. लिहिणारा. वाचून दाखवणारा.

चौथी ऐकणारी आहे. पदर तोंडाशी धरून, दाराआड उभी.

पाचवे तुम्ही.

काही क्षण काहीच बोलू नका. मनातही नको.

तारेवरची कार्डं एकेक करून चाळा. हळू. जन्माची बातमी सापडते. साखरपुड्याची सापडते. हळदीकुंकवाचा ठिपका लागलेलं कार्ड सापडतं. ठिपका अजून पिवळसर आहे.

मृत्यूची मात्र सापडत नाही.

ते कार्ड वेगळं असे. त्याचा कोपरा फाडलेला असे. उंबऱ्याबाहेरच वाचायचं आणि तिथंच फाडून टाकायचं, ही घरोघरची रीत होती. ते तारेला लागत नसे. तेरवी कधी, हे तोंडी कळायचं.

म्हणून दोन कार्डांच्या मध्ये कुठं कुठं अंतर पडतं. आधीच्या कार्डात आजीला नमस्कार असतो. पुढच्या कार्डात तिचं नाव नसतं.

त्या दोन कार्डांच्या मधल्या जागेत थोडं थांबा. तिथं कागद नाही. तरी तिथं कुणीतरी आहे.

श्वास येतो. श्वास जातो.

गठ्ठ्यात इतर कागदही निघतात. त्यांनाही हात लावून बघा. शकुंतलेचं जाड पुठ्ठ्याचं तिकीट, बोटभर लांबीचं. लग्नपत्रिका, तिच्यावर छापलेला गणपती. कापसाच्या काट्याची पावती, चुकाऱ्याचा कागद. १९७२ मध्ये एकाधिकार कापूस खरेदी सुरू झाली, तेव्हापासूनचे असे कागद वऱ्हाडातल्या कित्येक घरांत घडी घालून ठेवलेले आहेत. एका हंगामाची मेहनत त्या घडीत आहे.

प्रत्येकाला एक श्वास द्या. मग खाली ठेवा.

शेवटी पहिल्याच कार्डाकडे या. ते एकच पुरेसं आहे. पेट्या भरून कार्डं जमवता येतात, आणि त्यातलं एकही न बघता आयुष्य जातं. आज तुम्ही एक बघितलं. भोक बघितलं, शिक्का बघितला, शाई बघितली, न लिहिलेलं ऐकलं. संग्रह इथून सुरू होतो.

आता थोडं काम.

कार्ड प्लास्टिकमध्ये गरम करून बंद करू नका. चिकटपट्टी लावू नका. भोक बुजवू नका. गंजकी तार तेवढी हलक्या हातानं काढा, कारण गंज कागद खातो. कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवा. पावसाळ्यानंतर एकदा उघडून सावलीत वारा द्या, कसर लागली का ते बघा. कार्ड कुणाच्या घरचं, कुठल्या गावी मिळालं, हे वेगळ्या कागदावर पेन्सिलीनं लिहून सोबत ठेवा. कुणाचं खाजगी दुःख त्यात असेल, तर ते चारचौघांत मांडू नका.

अकोल्यात, अमरावतीत, खेड्यापाड्यांत जुनी घरं रिकामी होत आहेत. माळ्यावरचा गठ्ठा रद्दीत किलोनं जातो. तुमच्याही घरात असा गठ्ठा असेल. तो काट्यावर चढण्याआधी खाली काढा, त्यातलं एक कार्ड सावकाश वाचा. आणि ओळखीत मोडी वाचणारं कुणी म्हातारं माणूस असेल, तर या आठवड्यातच ती कार्डं घेऊन त्यांच्याकडे जा.