देण्याची नीती

देहूच्या माणसाला कर्जाविषयी बोलताना इंद्रायणीकडे पाठ फिरवता येत नाही. तुकोबांच्या घरी महाजनकी होती. 1630च्या सुमारास पडलेल्या दुष्काळानंतर त्यांनी आपल्या वाटणीची कर्जखते या नदीत बुडवली, असे परंपरा सांगते. गाथा वर आली. कर्जखते बुडाली ती बुडालीच.

आता दिवाळीत आमच्याकडे नवी कर्जखते होतात, ती मोबाइलची. अमेरिकेत पूर्वी कंपनी फोन स्वस्तात देई आणि गिऱ्हाइकाला दोन वर्षांच्या कराराने बांधून घेई. आपल्याकडे ती रीत फारशी रुजली नाही. आपण हप्ता पत्करला. मला हप्ताच अधिक प्रामाणिक वाटतो. त्यात देणे उघड दिसते, आणि कंपनी बदलायला माणूस मोकळा राहतो.

मात्र ‘बिनव्याजी’ अशी पाटी दिसली, की मी सावध होतो. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, ते शुल्काच्या आड दडलेले असते, असे रिझर्व्ह बँकेने 2013 सालीच बजावले होते.

तरीही चाकणच्या कारखान्यात कंत्राटावर राबणाऱ्या पोराला ‘चैन करू नकोस’ असे कोणत्या तोंडाने सांगावे? गावाकडच्या आईचा आवाज आणि पुढच्या कामाचे बोलावणे, दोन्ही त्या फोनमधूनच येतात. काम सहा महिन्यांचे आणि हप्ते बारा, हे त्याला कळत नाही थोडेच! पण ते कर्ज देणाऱ्यालाही कळते.

घेतलेले फेडावे, ही नीती आपण घरोघर शिकवतो. द्यावे कुणाला आणि किती, हा प्रश्न तुकोबांनी ऋणकोला विचारला नाही. तो त्यांनी सावकाराला, म्हणजे स्वतःला विचारला.