सुई टोचण्याआधी तिलाच विचारा

सुरतेत उधन्याच्या पुढं मुंबईकडं निघालं की भेस्तान लागतं. धुळे, नंदुरबार, जळगावहून पोटापाण्यासाठी आलेली असंख्य कुटुंबं इथं आणि आसपासच्या पांडेसरा, डिंडोली, लिंबायतमध्ये रुजली आहेत. पुरुष लूमवर किंवा डाइंग मिलमध्ये, आणि अनेक घरांत बायका साड्यांना स्टोन चिकटवताना, धागे कापताना दिसतात. घरात अहिराणी, बाजारात हिंदी, सरकारी कागदावर गुजराती, दवाखान्याच्या फॉर्मवर इंग्रजी. अशा घरातल्या बाईला स्तनात गाठ लागली तर ती आधी दुखणं अंगावर काढते. शेवटी दवाखान्याची पायरी चढते तेव्हा बोलायला नवरा, भाऊ नाहीतर मुलगा सोबत असतो, आणि बोलतोही तोच.

कॉन्ट्रास्ट (गाठ उठून दिसावी म्हणून शिरेतून दिलं जाणारं औषध) देऊन केलेली मॅमोग्राफी किंवा एमआरआय या तपासण्यांबद्दल लिहिताना मला हा सोबत आलेला माणूस विसरता येत नाही. या तपासणीत बाईचं सांगणं हा तपासणीचाच भाग आहे, आणि आपल्याकडं नेमका तोच भाग गाळला जातो.

गाठ वाढायला रक्त लागतं. कर्करोगाची गाठ स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या उभ्या करते, ही कल्पना ज्यूडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडली. या वाहिन्या घाईत बांधलेल्या, गळक्या असतात. शिरेतून दिलेलं औषध तिथं लवकर पोचतं आणि बाहेर झिरपतं, म्हणून ती जागा फिल्मवर उठून दिसते. तरुण वयात स्तन घट्ट असतात, साध्या मॅमोग्राफीत ते पांढरे दिसतात आणि गाठही पांढरीच. भारतात स्तनाचा कर्करोग पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षं आधीच्या वयात गाठतो, त्यामुळं ही अडचण आपल्याकडं जास्त.

मॅमोग्राफीसाठी कॉन्ट्रास्ट आयोडिनयुक्त असतं. कोपराच्या आतल्या शिरेत सुई लावतात आणि वजनाच्या हिशेबानं औषध सोडतात. अंगभर ऊब पसरते, तोंडाला धातूची चव येते, काहींना लघवी झाल्यासारखं वाटतं. आधी कुणी सांगितलं नसेल तर बाई घाबरून उठू पाहते. दोनेक मिनिटं थांबून नेहमीसारखा स्तन दाबून फोटो घेतात, प्रत्येक कोनातून कमी आणि जास्त ऊर्जेचे असे दोन. एकातून दुसरा वजा केला की औषध साचलेली जागा उरते. सगळं साधारण दहा मिनिटांत आटपतं. किरणोत्सर्ग साध्या मॅमोग्राफीपेक्षा थोडा जास्त. एमआरआयमध्ये किरणोत्सर्ग नाही आणि औषधही वेगळं, गॅडोलिनियमचं. पण पालथं झोपून बराच वेळ आवाजात निश्चल पडावं लागतं.

आता काउंटरवरचा फॉर्म. पूर्वी कधी अशा इंजेक्शननं अंगावर पित्त उठलं होतं का, दम लागला होता का? किडनीचा त्रास आहे का, क्रिएटिनिन कधी तपासलं? साखरेची मेटफॉर्मिन चालू आहे का? थायरॉईड? पाळी कधी आली, दिवस गेलेत का, अंगावर पाजते का? यातल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं नवऱ्याला ठाऊक नसतात, आणि पाळीचा प्रश्न तर दिराच्या किंवा मुलाच्या तोंडून विचारलाच जात नाही. सगळीकडं ‘नाही’वर खूण करून तो मोकळा होतो. या ‘नाही’ची किंमत मोजावी लागते ती तिला.

उलट बाजूनं भीतीही खूप पसरली आहे. ‘डायनं (म्हणजे कॉन्ट्रास्टनं) किडनी जाते’ हे सरसकट खरं नाही. काळजी लागते ती किडनी आधीच बरीच दुबळी असेल तर, आणि तेव्हा गॅडोलिनियमबाबतही विचार करावा लागतो. किडनी धड असेल तर मेटफॉर्मिन सहसा थांबवावी लागत नाही. पण थांबवायची की नाही हे डॉक्टरांनी ठरवावं, शेजारणीनं नव्हे. मासे सोसत नाहीत म्हणून आयोडिनचं इंजेक्शन चालणार नाही, हाही गैरसमजच. अंगावर पाजणाऱ्या आईनं दूध तोडायचं कारण नाही, दुधात उतरणारा अंश अगदी नगण्य असतो. दिवस गेले असतील तर मात्र या तपासण्या टाळतात. पाळी चालू असलेल्या बाईचा एमआरआय घाईचा नसेल, तर पाळीच्या सातव्या ते चौदाव्या दिवसात करणं बरं. एरवी निरोगी भागही उजळतो आणि नसता घोर लागतो.

आणखी एक प्रश्न बाईनं स्वतः डॉक्टरांना विचारायला हवा: या तपासणीनं माझ्या उपचारात काय बदलेल? ब्रिटनमध्ये १,६२३ बायकांवर झालेल्या ‘कॉमिस’ अभ्यासात, शस्त्रक्रियेआधी एमआरआय केल्यानं पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचं प्रमाण कमी झालं नाही. हा निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. दुसरीकडं नेदरलँड्सच्या ‘डेन्स’ अभ्यासात, अतिशय घट्ट स्तन असलेल्या बायकांना मॅमोग्राफीच्या जोडीला एमआरआय देऊ केल्यावर, दोन तपासण्यांच्या मधल्या काळात उघड होणारे कर्करोग हजारी ५ वरून २.५ वर आले. तपासणी तीच, पण प्रश्न वेगळा म्हणून उपयोगही वेगळा. हाताला संशयास्पद गाठ लागत असेल तर कॉन्ट्रास्टचा रिपोर्ट स्वच्छ आला तरी सुईनं तुकडा काढून तपासणं चुकत नाही. ‘मोठा रिपोर्ट नॉर्मल आहे’ म्हणून गाठ घेऊन घरी परतणं मला सगळ्यात जास्त घातक वाटतं.

यंत्राशिवाय काय साधतं हेही पाहावं. टाटा स्मारक रुग्णालयानं १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांतल्या दीड लाखावर बायकांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्यांचे दर दोन वर्षांनी आरोग्यसेविका केवळ हातानं स्तन तपासत. वीस वर्षांनंतरचा निष्कर्ष २०२१ मध्ये आला: आजार लवकरच्या टप्प्यात सापडू लागला आणि पन्नाशीपुढच्या बायकांत या आजारानं होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले, पन्नाशीच्या आत मात्र तसा फरक दिसला नाही. यंत्र एकही नव्हतं. दारात येणारी बाई, आणि समोरच्या बाईशी तिच्याच भाषेत बोलणं, एवढंच होतं.

सुरत महापालिका मराठी माध्यमाच्या शाळा चालवते, म्हणजे ही वस्ती कुठली भाषा बोलते हे तिला पक्कं ठाऊक आहे. स्मीमेर रुग्णालयही तिचंच. शहरातल्या ज्या ज्या केंद्रात कॉन्ट्रास्ट दिलं जातं तिथं वरच्या प्रश्नांचा एक पानी मराठी कागद असावा, वाचता न येणाऱ्या बाईला तो नर्सनं वाचून दाखवावा, आणि तेवढी पाच मिनिटं सोबतच्या माणसाला बाहेरच्या बाकावर बसवावं.