रिकाम्या सभागृहाची चार वर्षं

15 जानेवारी 2026 रोजी राज्यातल्या 29 महानगरपालिकांसाठी मतदान झालं. मुंबई आणि पुणे या दोन्ही शहरांत टक्का निम्म्याच्या जरा वर जाऊन थांबला. लगेच दरवेळची बोलणी सुरू झाली. शिकलेला माणूस मतदानाला उतरत नाही, सुट्टी मिळाली की गावाबाहेर जातो, आणि मग पाच वर्षं खड्ड्यांच्या नावानं बोटं मोडतो. हे अगदीच खोटं नाही. पण मला त्या एका दिवसापेक्षा त्याआधीची चार वर्षं जास्त सलतात.

मुंबई आणि पुणे महापालिकांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली. मुदत संपण्याआधी नव्या सभागृहाची निवडणूक पूर्ण झालीच पाहिजे, असं राज्यघटनेचं 243 यू हे कलम सांगतं. प्रत्यक्षात इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात होता, आणि सरकारं बदलली तशी प्रभागरचनाही बदलत गेली. शेवटी मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निवडणुका घ्यायला सांगितलं तेव्हा गाडं हललं. तोवर आयुक्तच प्रशासक होते. अंदाजपत्रक तेच मांडत होते आणि मंजूरही तेच करत होते. देशातल्या सगळ्यात श्रीमंत, म्हणजे मुंबई महापालिकेचं 2025-26 चं अंदाजपत्रक 74 हजार कोटींच्या पुढे होतं, आणि त्यातल्या एका रुपयाबद्दलही सभागृहात उभं राहून विचारणारा निवडून आलेला माणूस नव्हता. यावर शहरं पेटून उठायला हवी होती. तसं काही झालं नाही. काही संस्था आणि काही जुने कार्यकर्ते न्यायालयाच्या पायऱ्या चढत राहिले. बाकीच्यांचं रोजचं आयुष्य चालू राहिलं.

त्या शांततेची किंमत कुणी मोजली, हे पाहायचं तर पुण्याच्या सिंहगड रस्त्याकडे जावं लागेल. जून 2021 मध्ये 23 गावं पुणे महापालिकेत आली. नांदेड, किरकटवाडी, खडकवासला त्यांतलीच. त्या दिवशी तिथल्या ग्रामपंचायती गेल्या. सरपंच गेला, ग्रामसभा गेली. पुढे काही महिन्यांतच महापालिकेच्या सभागृहाचीही मुदत संपली. म्हणजे ज्या माणसाला कालपर्यंत आपल्या पाण्याच्या टाकीबद्दल गावच्या सभेत तोंडावर विचारता येत होतं, त्याला साडेचार वर्षं निवडून दिलेला प्रतिनिधीच उरला नाही. जानेवारी 2025 मध्ये याच पट्ट्यात गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढू लागले. हातापायांतली ताकद अचानक जाते, काहींना थेट व्हेंटिलेटरवर ठेवावं लागतं, असा हा आजार. संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली आणि संशयाची सुई पाण्याकडे वळली. नांदेडच्या ज्या विहिरीतून आसपासच्या वस्त्यांना पाणी जात होतं तिची चर्चा झाली, खासगी आरओ प्रकल्पांवर कारवाई झाली. नगरसेवक असता तर साथ आली नसती, असा दावा मी करणार नाही. पण गढूळ पाण्याची बाटली घेऊन मुख्य सभेत उभं राहायला, पाणीपुरवठा विभागाला तिथल्या तिथे जाब विचारायला कुणी तरी असतं. ती जागा रिकामी होती.

सभागृहात एक माणूस उभा राहिल्यानं काय होतं, हे पुण्याला नव्यानं सांगण्याची गरज नाही. 1876 पासून काही वर्षं जोतीराव फुले इथल्या नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतावर पैसा उधळायला त्यांनी विरोध केला, तो शिक्षणावर खर्च करा म्हणाले. गावात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांबद्दल नगरपालिकेला खरमरीत पत्र लिहिलं. ते सरकारनियुक्त सदस्य होते. पाठीशी मतदार नव्हते, बहुमतही नव्हतं. तरी लोकांचा पैसा कुठे जातो हे विचारायची जागा म्हणजे नगरपालिका, हे त्यांनी ओळखलं होतं. आज प्रत्येक प्रौढाला मत आहे, आणि तीच जागा चार वर्षं कुलपात राहिली तरी आपल्याला चालून गेलं.

का चाललं? मला वाटतं, लोक आळशी आहेत म्हणून नाही. आपल्या मतानं शहरात फारसं काही ठरत नाही, हा धडा त्यांनी अनुभवातून घेतला आहे. महापौराची खुर्ची मोठी, पण कारभाराचे अधिकार आयुक्तांकडे, आणि आयुक्त नेमतं राज्य सरकार. मुंबईची ही घडी 1888 च्या कायद्यानं बसवली, ती अजून मोडलेली नाही. 1998 मध्ये मुंबईत महापौर परिषदेचा प्रयोग झाला, तोही लवकरच गुंडाळला. जकात हा शहरांचा स्वतःचा भरवशाचा पैसा होता. तीही गेली, आणि भरपाईसाठी तोंड पुन्हा मंत्रालयाकडे. 74 व्या घटनादुरुस्तीनं 18 विषयांची यादी दिली, पण ते विषय खरोखर सोपवायचे की नाही हे राज्याच्या मर्जीवर सोडलं. नगरसेवकाच्या हातात मग राहतं काय? प्रभागातल्या छोट्या कामांच्या निधीची यादी, पुण्यात जिला ‘स’ यादी म्हणतात ती. त्यातून बाकडी येतात, पेव्हर ब्लॉक येतात, नावाच्या पाट्या येतात. एवढ्यासाठी रांगेत का उभं राहायचं, असं कुणाला वाटलं तर त्याला बेजबाबदार म्हणताना माझी जीभ अडखळते.

ज्यांचं जगणं महापालिकेवर टेकलेलं असतं ते मात्र येतात. नळाचं पाणी, महापालिकेची शाळा, दवाखाना, सार्वजनिक संडासाची दुरुस्ती, झोपडी टिकणार की जाणार: वस्तीतल्या बाईसाठी यातली प्रत्येक गोष्ट नगरसेवकाच्या दारातून जाते, म्हणून ती मतदान केंद्रावर जाते. मुंबईत कुलाबा, मलबार हिलकडचा टक्का पुन्हा पुन्हा खाली दिसतो त्याचं कारणही इथेच आहे. मोठ्या सोसायटीनं टँकर विकत घेतलेला असतो. शाळा खासगी, इस्पितळ खासगी, दाराशी पहारेकरी. त्या सोसायटीच्या वार्षिक सभेत पार्किंगवरून तीन तास भांडणारी माणसं मी पाहिली आहेत. नागरिकपण त्यांच्यात भरपूर आहे. ते कुंपणाच्या आत अडकून पडलं आहे. आणि टँकर कोणत्या विहिरीवर भरतो हे त्या कुंपणात बसून ठरत नाही. सिंहगड रस्त्यावर आजारानं वस्ती आणि सोसायटी असा भेद केला नव्हता.

त्यात मतदान करणंच अवघड करून ठेवलं आहे. मुंबई सोडली तर बहुतेक ठिकाणी चार सदस्यांचा प्रभाग. पुण्यात एका प्रभागातले मतदार ऐंशी हजारांच्या घरात, आणि अ, ब, क, ड अशी चार बटणं दाबायची. दिवे लागत नाहीत ती तक्रार चारांतल्या कुणाकडे न्यायची? चौघे एकमेकांकडे बोट दाखवतात, आणि चौघे चार पक्षांचे असतील तर विचारूच नका. एवढा मोठा प्रभाग पक्षाच्या पैशाशिवाय आणि माणसांशिवाय पायाखाली घालता येत नाही. 2007 मध्ये जुहूच्या रहिवाशांनी एकत्र येऊन आपला उमेदवार ठरवला आणि अडॉल्फ डिसूझा निवडून आले, ते एकाच सदस्याच्या वॉर्डात. आजच्या पुण्यात अशा उमेदवाराला वाटच नाही. शिवाय भाड्यानं राहणारा माणूस घर बदलतो आणि त्याचं नाव जुन्याच पत्त्यावर राहतं. घरातल्या चौघांची नावं दोन केंद्रांत फुटतात. अशी नाव न सापडून परतलेली माणसं न आलेल्यांतच मोजली जातात.

म्हणून मतदान सक्तीचं करा, ही मागणी मला पटत नाही. जिथे विचारायची सोयच नाही तिथे माणसाला काठीनं हाकून काय मिळणार? ग्रामीण भागात ग्रामसभा वर्षाला किमान चार वेळा भरावी लागते. शहरात तिच्या तोडीचं काय आहे? घटनेनं सांगितलेल्या प्रभाग समित्या आहेत. पण चाळीस लाखांच्या वर वस्ती असलेल्या पुण्यात क्षेत्रीय कार्यालयं पंधरा, म्हणजे एकेका समितीच्या वाट्याला अडीच-तीन लाख माणसं. मतदान केंद्रांच्या परिसरातल्या सगळ्या मतदारांची क्षेत्रसभा भरवावी, अशी तरतूद महाराष्ट्रानं 2009 मध्ये कायद्यात केली. ती कागदावरच राहिली. पुण्यानं 2006 पासून अंदाजपत्रकात नागरिकांकडून कामं मागवायला सुरुवात केली, ही चांगली गोष्ट होती. पदपथ, दिवे, बसथांबे लोकांनी सुचवले आणि काही झालेही. पण तिथेही माणूस अर्ज भरतो आणि घरी जातो. शेजाऱ्यासमोर बसून त्याची गरज मोठी की माझी, हे ठरवायची वेळ त्याच्यावर येत नाही.

नांदेड-किरकटवाडीच्या लोकांना आता नगरसेवक मिळाले आहेत. त्यांच्याकडे मी एकच मागणी करीन: क्षेत्रसभेचे नियम होण्याची वाट न पाहता, जुन्या ग्रामपंचायतीच्या आवारात दर तीन महिन्यांनी पाण्याच्या तपासणीचा अहवाल घेऊन चौघांनी एकत्र बसावं, आणि क्षेत्रीय कार्यालयाच्या अभियंत्यालाही शेजारी बसवावं. आणि त्या सभेला सोसायट्यांच्या अध्यक्षांनी यावं, टँकरच्या पावत्या घेऊन.