अर्ध्यावर सोडलेलं इंग्रजी

पांढरा फळा, त्याच्या शेजारी भिंतीवरचं कॅलेंडर, आणि मधूनच आतून कुकरची शिट्टी. शिकवणाऱ्या बाई शिट्टीकडे कानाडोळा करून लाल मार्करनं लिहितात, ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’. खाली मराठीत, ‘मुसळधार पाऊस पडणे’. मग ‘किक द बकेट’, मग ‘अ पीस ऑफ केक’. आठ-दहा मिनिटांत दहा वाक्प्रचार उरकतात आणि शेवटी लाइक-शेअरची विनंती होते. इंग्रजी शिकवणाऱ्या घरगुती मराठी व्हिडिओंचा हा ठरलेला साचा. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला. पुढे २०२० च्या टाळेबंदीत, कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं कधी मनातही आणलं नव्हतं अशा शिक्षकांनी फोन डब्याला टेकवून धडे चित्रित केले. शाळा उघडल्या, तरी त्यातल्या काहींचा हात थांबला नाही.

या व्हिडिओंची टिंगल करायला अक्कल लागत नाही. उच्चार, उजेड, मागची भिंत, सगळंच आयतं हाती असतं. पण घरगुतीपणात मला दोष दिसत नाही. अमेरिकेत एडएक्स या ऑनलाइन शिक्षणसंस्थेच्या सुमारे ६९ लाख व्हिडिओ-नोंदी तपासून फिलिप गुओ, जूहो किम आणि रॉब रुबिन यांनी २०१४ मध्ये एक निबंध मांडला. खर्चिक स्टुडिओतल्या चित्रणापेक्षा टेबलाशी बसून आपल्याशीच बोलतोय असं वाटणारा शिक्षक लोक जास्त वेळ ऐकतात, आणि व्हिडिओ कितीही लांबवला तरी लक्ष साधारण सहा मिनिटांच्या पुढे टिकत नाही, असं त्यांना आढळलं. ते अभ्यासक्रम इंग्रजीचे नव्हते, गणित-विज्ञानाच्या अंगाचे होते, हे खरं. तरीही माणसाचं लक्ष विषय बघून फार बदलत असेल असं वाटत नाही. सलमान खान (नट नव्हे, शिक्षक) यांची खान अकॅडमी ही ऑनलाइन शाळासुद्धा दूर राहणाऱ्या नात्यातल्या बहिणीला गणित समजावण्यातूनच उभी राहिली.

माझं भांडण आहे ते निवडीशी. शिकवायला घेतलंय काय?

इथे मायकेल वेस्ट आठवतात. ब्रिटिश अमदानीत ते ढाक्याच्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य होते. बंगाली मुलांना इंग्रजी कसं शिकवावं यावर त्यांनी १९२६ मध्ये ‘बायलिंग्वलिझम’ हा ग्रंथ लिहिला. त्यांच्यासमोरची अडचण अगदी रोखठोक होती: बहुतेक मुलं शिक्षण मधेच सोडतात, आणि अभ्यासक्रम मात्र सगळे शेवटपर्यंत शिकणार असं धरून आखलेला असतो. वेस्टनी विम्याच्या धंद्यातला शब्द उचलला, ‘सरेंडर व्हॅल्यू’. पॉलिसी मधेच मोडली तर हातात किती पडतं? तोच प्रश्न त्यांनी विषयाला विचारला. दोन वर्षं इंग्रजी शिकून जो मुलगा शेतावर किंवा दुकानात जाईल, त्याच्याकडे उरेल काय? त्यांचं उत्तर होतं, आधी वाचायला शिकवा. अर्धवट बोलता येण्यापेक्षा अर्धवट वाचता येणं जास्त उपयोगी पडतं. पुढे १९५३ मध्ये त्यांच्याच नावानं ‘जनरल सर्व्हिस लिस्ट’ ही सर्वांत उपयोगी अशा सुमारे दोन हजार इंग्रजी शब्दांची यादी निघाली. ती गोळा करण्यामागेही हाच हिशेब होता.

मोबाइलवर शिकणाऱ्याइतका मधेच सोडणारा विद्यार्थी वेस्टनासुद्धा भेटला नसेल. तो अंगठ्याच्या एका फटकाऱ्यानं शाळा सोडतो. तो उद्या येणार नाही असं धरूनच व्हिडिओ करायला हवा. या कसोटीला ‘किक द बकेट’ लावून पाहा. आयुष्यात तो कुणाच्या तोंडून ऐकायला मिळण्याचा संभव थोडा, आणि स्वतः वापरला तर अनर्थ. फळ्यावर अर्थ लिहिलेला असतो ‘मरण पावणे’. हा थट्टेतला शब्द आहे, हे कुणी सांगत नाही. सांत्वनाच्या निरोपात तो घालणं म्हणजे ‘तुमचे वडील गचकल्याचं कळलं’ असं लिहिणं. त्यापेक्षा तो शिकला नसता तर बरं झालं असतं.

याउलट ‘रन आउट ऑफ’, ‘पुट ऑफ’, ‘लुक आफ्टर’, ‘गेट यूज्ड टू’. हेही वाक्प्रचारच आहेत, कारण सुट्या शब्दांवरून त्यांचा अर्थ लागत नाही. इंग्रजी बोलणारा माणूस ते दिवसभर वापरतो. पण त्यांचं चित्र काढता येत नाही, थंबनेल होत नाही. आभाळातून पडणाऱ्या मांजर-कुत्र्यांवर कुणीही बोट ठेवेल, ‘गेट यूज्ड टू’वर कशाला ठेवेल?

आणि गंमत अशी की हे बिनचेहऱ्याचे वाक्प्रचार शिकवायला घरच्या स्वयंपाकघरासारखी दुसरी जागा नाही. फळा बाजूला ठेवा. बाईंनी गॅस लावावा आणि म्हणावं, ‘टर्न ऑन द गॅस’. चहासाठी पातेल्यात पाणी ओतावं. साखरेचा डबा उघडून कॅमेऱ्यासमोर उपडा करावा. त्यातून काहीच पडत नाही. ‘वुई हॅव रन आउट ऑफ शुगर.’ इथे मराठी अर्थ सांगायचीही गरज पडत नाही. सांगितला तरी बिघडत नाही, कारण मातृभाषेचा आधार घेण्यात लाजण्यासारखं काही नाही. दूध वर येतंय, येतंय, आलं! ‘इट्स बॉइलिंग ओव्हर, टर्न इट डाउन!’ हा धांदलीचा क्षण कुठल्याही शब्दकोशाला दाखवता आलेला नाही. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पोसल्या गेल्या. ते पुस्तक शिस्तीचं होतं, त्यानं अनेकांना इंग्रजीत उभं केलं. पण उतू जाणारं दूध कागदावर उतू जात नाही.

यावर शिक्षकांचा एक बचाव असतो आणि तो खोटा नाही. स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या परीक्षेत वाक्प्रचार विचारतात, चार पर्याय देऊन. बँकेच्या आणि इतर स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलंही त्या याद्या घोकतात. खोलीभाडं भरून पुण्यात अभ्यास करणाऱ्या पोराला उपयुक्ततेचं प्रवचन देण्यात अर्थ नाही. त्याला गुण हवेत. त्याच्यासाठी याद्यांचे व्हिडिओ जरूर करावेत आणि त्यावर स्वच्छ ‘परीक्षेसाठी’ असं लिहावं. घोटाळा होतो तो तीच यादी ‘फाडफाड इंग्रजी बोला’ म्हणून गृहिणीला आणि दुकानदाराला विकली जाते तेव्हा.

याद्यांबद्दल अजून एक. एकाच व्हिडिओत सगळी फळं, सगळे कपडे, सगळे रंग घेणं डोळ्यांना नीटनेटकं वाटतं. पण टिंकहॅम या संशोधकानं १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत एकाच कुळातले शब्द एकत्र शिकणाऱ्यांना उलट जास्त वेळ लागला. शब्द एकमेकांत मिसळतात. चहाच्या व्हिडिओत ‘ओतणे’, ‘संपणे’, ‘गाळणे’ आणि ‘गरम’ शेजारी बसतात; ते एका कुळातले नाहीत, एका कामातले आहेत. आणि बाईंनी मधे गप्प बसायला शिकलं पाहिजे. रिकामा डबा पुन्हा दाखवायचा आणि तीन-चार सेकंद काहीच बोलायचं नाही; उत्तर पाहणाऱ्याच्या तोंडून यायला हवं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवलं, की मजकूर पुन्हा वाचण्यापेक्षा तो आठवून पाहणाऱ्यांना आठवड्यानंतर जास्त लक्षात राहतं. यूट्यूबवर शांतता म्हणजे प्रेक्षक निसटण्याची भीती, म्हणून ती कुणी ठेवत नाही.

घरगुती शिक्षकाजवळ एक भांडवल असं आहे की लंडनच्या स्टुडिओत ते कधीच येणार नाही. विद्यार्थी ‘टुडे ओन्ली’ का म्हणतो, ते त्याला ठाऊक असतं. ‘आजच’मधला तो ‘च’ इंग्रजीत जागा शोधत असतो. निघताना ‘आय विल गो अँड कम’ म्हणणारी मुलगी घरचं ‘जाऊन येते’ बोलते आहे, हे सांगलीच्या एखाद्या बाईंना क्षणात कळतं. अशा चुकांचे व्हिडिओ फक्त मराठी माणूसच करू शकतो, आणि तेच सर्वांत कमी होतात. त्याऐवजी परदेशी चॅनेलवरचे धडे मराठीत उतरवायची धडपड चालते.

व्हिडिओ एकटा सोडला की वाऱ्यावर जातो, हेही पाहायला हवं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड छापून दृक्‌श्राव्य साहित्य त्याला जोडलं. २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळाला तेव्हा बातम्या रकमेच्याच जास्त झाल्या. मला त्यातली कल्पना महत्त्वाची वाटते: व्हिडिओ पानाला बांधला, तर तो गरजेच्या वेळी समोर येतो.

असं पान घराघरांत आहे, ते म्हणजे शाळेतून येणारा निरोप. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आलं. पण आज इंग्रजी माध्यमात मुलं घालणाऱ्या कितीतरी आयांच्या शाळेत ते पाचवीत सुरू झालं होतं. त्यांच्या फोनवर शाळेचा निरोप येतो: सबमिट, ऑन ऑर बिफोर, ड्यूली साइन्ड, फेलिंग विच. चारच ओळी असतात, पण एक शब्द निसटला तर मूल वर्गाबाहेर उभं राहतं. ती आई शेजारणीला विचारते, नाहीतर मुलालाच विचारते, आणि मूल स्वतःच्या सोयीचा अर्थ सांगतं. तो निरोप कॅमेऱ्यासमोर धरून एकेका शब्दावर बोट ठेवणारा पाच मिनिटांचा व्हिडिओ करायला काहीच खर्च नाही. मांजर-कुत्र्यांच्या पावसावर शेकड्यांनी मिळतील. ‘फेलिंग विच’वर मराठीतला एकही अजून माझ्या पाहण्यात नाही.