हात गार आहेत तोवर

आज केक करायचा नाही, केकवर मनन करायचं आहे. रात्रीची भांडी पालथी घालून झाली, ओटा पुसला, मटकी फडक्यात बांधून ठेवली की एक खुर्ची ओढा आणि स्वयंपाकघरातच बसा. हॉलमध्ये नको. तिथे टीव्ही आहे, आणि तुम्ही निवांत बसलेले दिसलात की कोणाला तरी काहीतरी हवं होतं. मनन म्हटलं की डोळे मिटायला सांगतात. इथे ती सोय नाही, डोळे मिटलेत तर वाचणार कसं? श्वासही मोजू नका. दिवसभर मैदा, साखर आणि मुलांचे मार्क मोजून झालेत.

आधी फ्रीज आठवा. उठून उघडू नका, नुसता आठवा. वरच्या कप्प्यात सायीचं भांडं, शेजारी विरजण. मधल्यात डोशाचं पीठ, सकाळच्या भाजीचा डबा, वाटीत पालथं ठेवलेलं अर्धं लिंबू. खाली कागदात गुंडाळलेली कोथिंबीर. मे महिना असेल तर फणसाचे गरे, आणि त्यांचा वास सगळ्यांवर. या गर्दीत एक लिटर क्रीमचा खोका आणि वर केकचा दहा इंची खोका कुठे बसवता, ते सावकाश पाहा. पीठ कुठे सरकलं? साय कुठल्या कप्प्यात गेली? क्रीम आसपासचा वास चटकन धरतं, म्हणून कांद्याचा डबा खाली आणि क्रीम वर, हे गणित तुम्ही कधीच पाठ केलं आहे. घरातल्या बाकी सगळ्या वस्तूंना फ्रीजमध्ये कायमची जागा असते. केकला ती दरवेळी मागून घ्यावी लागते. यावर आत्ता काही ठरवायचं नाही. नुसतं बघा, आणि पुढे चला.

‘घरात एवढी साय असताना विकतचं क्रीम कशाला?’ हा प्रश्न सासूबाईंनी किंवा आईने विचारलेला असतोच. प्रश्न टोचतो, पण वाईट नाही. साय फेटत राहिलं तर लोणी सुटतं. बाजारातलं नॉन-डेअरी क्रीम बहुतेक पामच्या बियांच्या तेलापासून केलेलं असतं. ते भरपूर फुगतं आणि आपल्या उन्हाळ्यातही थोडा वेळ आकार धरून राहतं. चवीला त्याला सायीची सर नाही, एवढं मात्र सासूबाईंना देऊन टाका.

आता एक केक मनातल्या मनात करून पाहा. फुलांपासून सुरुवात नको, आदल्या रात्रीपासून करा. गोठलेला क्रीमचा खोका तुम्ही फ्रीजरमधून खालच्या कप्प्यात उतरवता. याला किती वेळ लागला? काहीच नाही. रात्रभर तो आपला आपण सुटतो, तुम्ही झोपता. दुसऱ्या दिवशी स्पंज ओव्हनमध्ये गेला की तेवढ्यात कुकर होतो. स्पंज पूर्ण गार व्हायला दीड-दोन तास लागतात. त्यात पोळ्या होतात, गणिताची वही तपासून होते, इस्त्रीवाला येऊन जातो. मग वरचा घुमट कापायचा. (ते तुकडे ओट्यावरच संपतात. घरातल्यांना केकमधलं सर्वांत आवडतं ते हेच, आणि मला त्यांचं पटतं.) थर, साखरेचं पाणी, क्रीम, पुन्हा थर. बाहेरून क्रीमचा एक पातळ हात, चुरा धरून ठेवण्यापुरता, म्हणजे क्रम्ब कोट. तो झाला की केक अर्धा तास फ्रीजमध्ये, आणि तुम्ही पुन्हा मोकळे.

इथे जरा थांबा. आत्तापर्यंतच्या या सगळ्या तासांमध्ये घर आणि छंद एकमेकांच्या आड आले का? तपासून पाहा. माझ्या मते आले नाहीत. स्पंज गार होताना तुम्ही शेजारी उभं राहायलाच हवं असं त्याचं काही म्हणणं नसतं.

आता क्रीमची पिशवी भरा. अर्धीच. तोंडाशी पीळ द्या, तो अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात धरा, मूठ मिटा. डाव्या हाताचं एक बोट नोझलला नुसतं टेकवा. जोर सगळा उजव्या मुठीचा. नोझल १०४ नंबरची, गुलाबाची. तिच्या चिरेची रुंद बाजू खाली, अरुंद वर. फ्लॉवर नेलवर, म्हणजे चपट्या डोक्याच्या खिळ्यावर, बटर पेपरचा तुकडा चिकटवलेला आहे आणि मधला सुळका काढून झाला आहे. दाबा, आणि नेल अगदी थोडी फिरवा. पाकळी उभी राहिली. आता दाब सोडा. मग हात उचला. क्रम बदलला, दाब चालू असतानाच हात उचलला, की शेपूट निघते. दाब, सोड, उचल. पुन्हा. दाब, सोड, उचल. दुसरी पाकळी पहिलीच्या मध्यापासून सुरू होते, तिसरी दुसरीच्या.

याच लयीत राहून आता मुठीकडे लक्ष द्या. क्रीम फ्रीजमधून निघालं तेव्हा पाच-सहा अंशांचं होतं. तळहात तिशीच्या वरचा. तुम्ही काहीही चूक करत नाही आहात, तरी मुठीच्या आतलं क्रीम दर मिनिटाला थोडं सैल होतं आहे. काही वेळाने पाकळीची कडा फाटायला लागेल, गुळगुळीत क्रीम रवाळ दिसायला लागेल. पिशवी पुन्हा गार करता येते, हात थंड पाण्याखाली धरता येतात, पण एकदा मोडलेली लय तशीच्या तशी परत मिळत नाही. हातात असतात वीस मिनिटं, फार तर पंचवीस.

आणि बाथरूममधून हाक येते, ‘टॉवेल!’

उत्तर देऊ नका. मनातल्या मनात तरी देऊ नका. हाक ऐका, आणि तुमच्या मुठीचं काय झालं ते बघा. दाब वाढला असेल, पाकळी जाड आली असेल. खांदे कानाकडे गेले असतील. अर्धं मन कपाटातल्या टॉवेलपाशी पोचलंसुद्धा. मागोमाग चार्जर, गॅसची पावती, उद्याचा डबा. यात कोणी दुष्ट नाही. ज्याला टॉवेल हवा आहे, तो खरोखर ओला उभा आहे.

केक आणि घर दोन्ही सांभाळणारी माणसं तासांचा हिशेब करतात आणि तिथेच चुकतात, असं मला वाटतं. केक आपले बहुतेक तास घराला आनंदाने वाटून देतो. त्याला फक्त ही वीस मिनिटं द्यायची नसतात. आपण नेमकी उलटी वाटणी करतो. मोकळ्या तासांबद्दल अपराधी वाटून घेतो, सगळे झोपल्यावर एक-एक वाजेपर्यंत जागतो, आणि ही वीस मिनिटं मात्र पहिल्या हाकेला देऊन टाकतो.

ही वीस मिनिटांची घाई क्रीमचं दुखणं आहे, सजावटीचं नव्हे. जोसेफ लॅम्बेथ या कारागिराचं केक-सजावटीवरचं पुस्तक १९३४ साली आलं. त्यातली सजावटीची पद्धत आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते. रेषेवर रेष, झालरीवर झालर, एवढी की केकची भिंत दिसेनाशी व्हावी. सध्या इन्स्टाग्रामवर बदामाच्या आकाराचे जे ‘व्हिंटेज’ केक दिसतात, ते याच घराण्यातले. पण ते काम मुळात रॉयल आयसिंगचं, म्हणजे अंड्याचा पांढरा बलक आणि पिठीसाखर. ते हवेवर वाळून टणक होतं. खालची रेष वाळल्यावर वरची काढायची, त्यामुळे मधे उठून जाणं हा पद्धतीचाच भाग. हाक आली तर गेलात, आलात, पुढची रेष. क्रीमला वाळणं ठाऊक नाही. म्हणजे तुम्हाला जी घाई होते ती स्वभावाची नाही. एवढं मनात ठेवा आणि खांदे खाली सोडा.

आता घराच्या मिनिटांकडे या. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात दिसलं की घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ८८. आकडा वाचून चीड आली तर येऊ द्या, चिडण्याने मनन मोडत नाही. मग २८९ मधून वीस वजा करा आणि ८८ मध्ये मिळवा. दोनशे एकोणसत्तर आणि एकशे आठ. घराला फरक कळला का?

पुढचा प्रश्न जरा जड आहे. कोणाच्या तरी वाढदिवसाला तुमचा केक कापला गेला, सगळ्यांनी फोटो काढले, आणि एक बाई म्हणाल्या, ‘अगं, ऑर्डर्स का घेत नाहीस?’ त्या क्षणी छातीत जे हललं ते आठवा. आनंद होता, पण नुसता आनंदच होता का? ज्यांना पैसे हवेत त्यांनी ऑर्डर्स जरूर घ्याव्यात, बिनधास्त घ्याव्यात, आणि आपल्या मजुरीसकट किंमत लावावी. ‘घरीच तर करता’ म्हणून घासाघीस करणाऱ्यांना एक रुपया सोडू नये. पण ऑर्डर आली की वीस मिनिटं दुसऱ्याच्या घड्याळावर जातात. रविवारी पाचला खोका, बोर्ड, टॉपर, स्कूटरच्या पायाशी धरलेला केक आणि रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा. मग घरातलं कोणी हाक मारायचं थांबतं, कारण आता ते ‘काम’ झालं. छंद होता तेव्हा का थांबत नव्हतं, इथे थोडं रेंगाळा.

आणि एक चित्र डोळ्यांसमोर आणा. स्टीलचं ताट पालथं घातलं आहे. पिशवीत डालडा आणि पिठीसाखर, सरावापुरतं. तुम्ही ताटाच्या पाठीवर शंखांची एक ओळ काढता, मग पानांची. ओळ संपली की पट्टीने खरवडून पुन्हा पिशवीत. कोणी खाणार नाही, कोणी फोटो काढणार नाही. मागून कोणीतरी विचारतं, ‘मग हे कशासाठी?’ उत्तर शोधू नका. पुढची ओळ काढा.

सगळंच एकट्याने करायचं, असंही नाही. गोव्यात नाताळच्या आधी कुलकुल करायला अख्खं घर टेबलाभोवती बसतं. काट्याच्या पाठीवर पिठाची गोळी दाबून वळायची, गप्पा मारायच्या, हात बदलले तरी बिघडत नाही. केकमध्येही अशा जागा आहेत. स्प्रिंकल्स मुलांचे. तळाची किनारही त्यांना द्या. वाकडी आली तरी बोर्डाच्या अंगाला असते, आणि पुढची दहा वर्षं ती किनार आपण काढल्याचं मूल सांगत राहतं. नवऱ्याकडे क्रीम फेटायचं काम सोपवता येतं, फक्त भांडं आधी गार करून द्या आणि शिखर ताठ झालं की बीटर बंद, हे दोनदा सांगा. गुलाब मात्र कोणाला देऊ नका.

राहिलं एक काम. ते मनात करायचं नाही, तोंडाने करायचं आहे. एक वाक्य तयार करा: ‘शनिवारी साडेआठपासून वीस मिनिटं मी फुलं काढणार आहे, तेवढ्यात हाक मारू नका.’ आता ते तपासा. त्यात ‘जमलं तर’ शिरलं असेल तर काढा. ‘सॉरी’ काढा. केक कोणासाठी आहे याचं स्पष्टीकरणही काढा, ते कोणी मागितलेलं नाही. मग उठा, बाहेर जा आणि सगळे आहेत तोवर सांगून मोकळे व्हा. टॉवेल ज्याचा त्याने आधीच आत न्यावा, हेही त्यातच येऊ द्या.